सगळ्या जगाची खाट गडचिरोलीत

एक साधी खाट घ्या. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, म्हणजे १८ चौरस फूट. आता जगातल्या प्रत्येक माणसाला अशी एकेक खाट द्या आणि खाटेला खाट लावून सगळ्यांना झोपवा. माणसं सुमारे ८२० कोटी, म्हणून जागा लागेल १४,७६० कोटी चौरस फूट. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ आहे १४,४१२ चौरस किलोमीटर. त्याचे फूट केले तर होतात १५,५१३ कोटी. म्हणजे चीन, भारत, अमेरिका, आफ्रिका, सगळे एकट्या गडचिरोलीत झोपतील आणि तरी ७०० चौरस किलोमीटर जागा उरेल. उरलेल्या जागेत ६०३ चौरस किलोमीटरची अख्खी मुंबई आणून ठेवली तरी कडेला बैल बांधायला जागा राहील.

डोंगर, नद्या, साग आणि वाघ यांना मी या हिशेबात धरलं नाही. माझ्या भाच्यानंही धरलं नव्हतं.

भाचा चंद्रपूरचा, नोकरीला लागून तीन वर्षं झालेली, हातात थोडे पैसे. गेल्या उन्हाळ्यात मोटारसायकलवर गडचिरोलीपर्यंत जाऊन आला आणि घरी येताच म्हणाला, "मामाजी, पाहा ना, किती जमीन पडून हाये तिकडं. आता नाही घेतली तं कवा घ्याची?" जमिनीत पहिल्यांदा पैसा घालायला निघालेल्या माणसाचं हे अगदी प्रामाणिक वाक्य आहे. डोळ्याला जमीन अफाट दिसते आणि कानावर भाव वाढल्याच्या गोष्टी येतात. या दोहोंच्या मधला जो हिशेब आहे तो मात्र कोणी करत नाही, कारण तो सगळा वजाबाकीचा आहे.

त्याच्या बाजूनं आधी बेरीज करून टाकू. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीची लोकसंख्या होती १० लाख ७२ हजार ९४२. जिल्ह्याचे एकर करा, साडेपस्तीस लाखांच्या थोडे वर. माणशी वाटले तर ३ एकर १३ गुंठे. बृहन्मुंबईत हाच हिशेब लावला तर माणशी येतात ५२१ चौरस फूट, आणि त्यातच रस्ते, रेल्वे, विमानतळ, समुद्रकिनारे आणि बोरिवलीचं जंगलही आलं. १,५०० फुटांचे प्लॉट पाडत गेलो तर एकट्या गडचिरोलीत १० कोटी ३४ लाख प्लॉट पडतील. तान्ह्या बाळांसकट महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांच्या नावावर एकेक. हे ऐकून भाच्याचे डोळे चमकले. इतकी जमीन असेल तर तिला भाव कसा चढेल, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण तो पडला नाही.

आता वजाबाकी. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नोंदलेलं वन आहे. ते गेलं. साडेपस्तीस लाख एकरांतले जेमतेम नऊ लाख एकर हातात राहिले. माणशी तीन एकरांवरून आपण एका फटक्यात ३३ गुंठ्यांवर आलो. (गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन, १,०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर.) या ३३ गुंठ्यांतच वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावतीची पात्रं, गावठाणं, रस्ते, माजी मालगुजारी तलाव आणि धानाच्या सगळ्या बांध्या आल्या.

एके काळी इथला हिशेब याहून सोपा होता, कारण मालक एकच होता. इंग्रजी राजवटीत अहेरीची जमीनदारी सुमारे २,६७२ चौरस मैलांची होती. म्हणजे ६,९०० चौरस किलोमीटर, जवळपास सिक्कीम राज्याएवढी, आणि तिचा बहुतेक भाग जंगल. सतरा लाख एकरांचा एक सातबारा डोळ्यांपुढे आणून पाहा. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी आणि जमीनदारी संपली. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. पण जुन्या व्यवस्थेतल्या नोंदी कागदांतून गेल्या नाहीत. निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हे शब्द पुण्या-नाशिकच्या माणसाला ऐकूनही माहीत नसतात. इथं मात्र प्लॉट घेणाऱ्याचं नशीब त्याच कागदांत दडलेलं असतं. गावानं गुरं कुठं चारायची, सरपण कुठून आणायचं, माती कुठली काढायची, मढं कुठं न्यायचं, याचे हक्क त्यांत लिहिलेले आहेत. सातबारा कोरा असला तरी निस्तार पत्रकात त्या गटावर अख्ख्या गावाची गुरं चरत असतात.

वजाबाकीतली पुढची रक्कम मोठी आहे. वनहक्क कायदा २००६ चा, अंमल ३१ डिसेंबर २००७ पासून. त्याखाली गडचिरोलीतल्या चौदाशेच्या आसपास गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि क्षेत्र भरलं सुमारे ५ लाख हेक्टर. पाच लाख हेक्टर म्हणजे पाच हजार चौरस किलोमीटर. अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे. एका जिल्ह्यातल्या ग्रामसभांकडे गोव्याहून मोठं जंगल आलं आणि बाहेर फारसं कुणाला कळलं नाही. हा हक्क वारशानं मिळतो, पण विकता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. वैयक्तिक वनपट्ट्याचंही तेच. तो जास्तीत जास्त ४ हेक्टरांचा आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा असेल तरच मिळतो. हा पट्टाही विकता येत नाही. "पट्ट्याची जमीन हाये, स्वस्तात देतो," असं कोणी म्हणालं तर तो माणूस जे त्याचं नाहीच ते विकत असतो. स्वस्तात द्यायला त्याचं काय जातं?

सामूहिक हक्काची सुरुवात झाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावातून. सुमारे पाचशे वस्तीचं हे गोंड गाव, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे देशभर माहीत झालेलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सगळ्यात आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग २०१३ मध्ये गावानं १९६४ च्या ग्रामदान कायद्याची वाट धरली आणि लोकांनी आपल्या खासगी शेतीची मालकीही ग्रामसभेला देऊन टाकली. कसतो तोच, पण बाहेरच्याला विकता येत नाही. १,८०९ हेक्टरांचे १,५०० फुटी प्लॉट पाडले तर १ लाख ३० हजार होतील, आणि विकायला निघालेला त्यांतला एकही नाही. जिल्ह्यात बाकी सगळीकडे लोक जमीन विक्रीयोग्य करायच्या मागे लागले होते, तेव्हा एका गावानं बैठका घेऊन, कागद भरून, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आपली जमीन कायमची बाजाराबाहेर काढली.

शेजारच्या चंद्रपूरचं क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर. त्यातले सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर एकट्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे, गाभा आणि बफर मिळून. वाघ शंभराच्या आसपास धरले तर एका वाघाच्या वाट्याला सव्वाचार हजार एकर येतात. मेंढ्याचं जंगलही साडेचार हजार एकरांच्या आसपास. म्हणजे एक वाघ आणि पाचशे माणसांचं एक गाव यांचा सातबारा साधारण सारखाच. वाघ मात्र पटवाऱ्याकडे जात नाही. त्याची चतुःसीमा तो स्वतःच झाडांवर लिहून ठेवतो.

आदिवासींच्या जमिनीची वजाबाकी वेगळी. गडचिरोलीत ३८.७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि विक्रीची परवानगी द्यायला जिल्हाधिकाऱ्यालाही आधी शासनाची मान्यता लागते. जुना घोळ निस्तरण्यासाठी १९७४ मध्ये आणखी एक कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या सव्वासतरा वर्षांत आदिवासींकडून गेलेल्या जमिनी त्यांना परत देण्याचा. म्हणून इथं सातबाऱ्यावरचं आजचं नाव पाहून भागत नाही. आजोबांच्या काळात ती जमीन कोणाची होती ते फेरफाराच्या जुन्या नोंदींतून काढावं लागतं. कायदा कडक आहे याची तक्रार दलाल करतात. मला तो पुरेसा कडक वाटत नाही, कारण दुसऱ्याच आदिवासीच्या नावानं जमीन घेऊन ताबा मात्र शेठजीकडे, असे व्यवहार गावोगाव लोक बोलून दाखवतात. पैसा असा गुंतवणाऱ्याला एवढंच सांगतो, की कागदावर ज्याचं नाव त्याची जमीन. उद्या तो फिरला तर कोर्टात तुम्ही काय तोंड दाखवणार?

आता येते ती वजाबाकी, जी दिसतच नाही. पूर्व विदर्भाच्या महसुली नोंदींत एक शब्द आहे, 'झुडपी जंगल'. नाव जंगलाचं, पण जमीन महसूल खात्याची. झाडं नाहीत, फार तर बोरी-बाभळीची झुडपं, मुरमाड माळ, गुरं चरायची जागा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी जमीन नोंदली गेली १ लाख ७८ हजार ५२५ हेक्टर. म्हणजे १,७८५ चौरस किलोमीटर, जवळजवळ तीन मुंबया. त्यातली ९२ हजार हेक्टर वनासाठी योग्य ठरली आणि ८६,४०९ हेक्टर अयोग्य. या अयोग्य ठरलेल्या जमिनीचाच आकार ८६४ चौरस किलोमीटर आहे. मुंबईहून मोठा. त्यात ६२ लाख प्लॉट बसतात.

आणि त्यावर लोक बसलेही. शाळा आल्या, सरकारी कचेऱ्या आल्या, वस्त्या उभ्या राहिल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं. झुडपी जंगल ही वनजमीनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यानं रीतसर वाटलेली जमीन असेल तर राज्यानं केंद्राकडे मंजुरी मागावी. त्यानंतरच्या वाटपांची चौकशी कडक. गवई अमरावतीचे, इथल्या मातीचे, म्हणून झुडपीचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नसेल. पण ज्यानं डोळे मिटून असा प्लॉट घेतला असेल त्याला १२ डिसेंबर १९९६ ही तारीख आता पाठ आहे. प्लॉटवर एकही झाड नसेल, विजेचा खांब असेल, नळाची जोडणी असेल, पक्का रस्ता असेल, तरीही कागदावर तिथं जंगल असू शकतं. आणि हे सातबाऱ्याच्या ताज्या उताऱ्यात दरवेळी सापडेलच असं नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण मामाजी, दहा वर्षांत दहापट होते म्हणतात." हाही एक आकडा आहे, तोही उलगडून पाहू. दहा वर्षांत दहापट म्हणजे दर साल जवळजवळ २६ टक्के वाढ. हाच वेग टिकला तर वीस वर्षांत शंभरपट, पन्नास वर्षांत लाखपट. आज एक लाखाला घेतलेली जमीन नातवाच्या हाती हजार कोटींची होईल. एक हजार कोटी, एका प्लॉटचे, एटापल्लीच्या वाटेवर. असा वेग चार-दोन वर्षं टिकतो, एखाद्या चौकात टिकतो, आणि मग चौक पुढं सरकतो. ज्याला दहापट मिळाले तो चहाच्या टपरीवर सांगत सुटतो. ज्याचे पैसे अडकले तो तोंड मिटून बसतो. त्यामुळे आपल्या कानावर नेहमी जिंकलेल्यांचीच गणती येते.

त्यापेक्षा दुप्पट घ्या. दहा वर्षांत दुप्पट ही माणसात बसणारी गोष्ट. समजा प्लॉट १५ लाखांचा. मुद्रांक शुल्क आणि त्यावरचा स्थानिक अधिभार मिळून साधारण ६ टक्के, म्हणजे ९० हजार. नोंदणी फी १ टक्का, १५ हजार. दलाली दोन टक्के धरा, ३० हजार. पहिल्याच दिवशी १५ चे १६ लाख ३५ हजार झाले. दहा वर्षांनी तो ३० लाखांना विकला, पुन्हा दलाली दिली, नफ्यावर साडेबारा टक्के दीर्घ मुदतीचा भांडवली नफा कर भरला. हाती राहिले पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. व्याजाच्या भाषेत ते दर साल साडेपाच टक्केही भरत नाहीत. वर दहा वर्षं कुंपण, तण, शेजाऱ्याची सरकती भिंत आणि वर्षातून दोन चकरा. बँकेत ठेव ठेवली असती तर निदान तिच्यावर कोणी शेण थापलं नसतं.

मग पैसा कमावतो कोण? एकर घेऊन फूट विकतो तो. समजुतीसाठी आकडे धरतो. शहरालगतची शेती २० लाख एकरानं घेतली. एकरात ४३,५६० चौरस फूट, म्हणजे त्याला फूट पडला ४६ रुपयांना. रस्ते आणि मोकळी जागा सोडून ६० टक्के विकायला राहिले तर २६ हजार फूट. ते हजार रुपयानं गेले तर २ कोटी ६० लाख. तेरापट! हे गणित जमिनीत नाही, मापात आहे. आणि मधल्या सगळ्या पायऱ्या, म्हणजे अकृषक परवानगी, मंजूर नकाशा, रस्ते, नाल्या, वर्षानुवर्षांचं व्याज आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या, त्यानं झेललेल्या असतात. नवखा माणूस तेराव्या पटीला दाराशी येतो आणि आपल्याला पहिली पट मिळतेय असं समजतो.

काही तर मधल्या पायऱ्या वगळूनच विकतात. ले-आउट मंजूर नाही, शेतातच चुन्याच्या रेघा मारल्या, चार झेंडे लावले, एक कमान उभी केली. तुकडेबंदी कायद्यानं २०२३ पासून जिरायत जमिनीचा किमान तुकडा २० गुंठे आणि बागायतीचा १० गुंठे ठरला आहे. १,५०० फूट म्हणजे सव्वा गुंठा, फार तर त्याहून थोडा जास्त. तो वीस गुंठ्यांत कसा बसणार? म्हणून पंधरा-सोळा अनोळखी माणसांना एकत्र करून एका सातबाऱ्यावर 'अविभक्त हिस्सा' लिहून देतात. शहरी भागातल्या अशा जुन्या व्यवहारांना २०२५ मध्ये सरकारनं सवलत दिली, त्यामुळे आता "पुढं होऊनच जाते" हे वाक्य दलालांच्या तोंडी आणखी गोड झालं आहे. खेड्याच्या शिवारात त्यावर विसंबू नका. शिवाय शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असायला लागतो. विदर्भाला त्यासाठी वेगळाच कुळकायदा आहे, १९५८ चा. त्याचं कलम ८९ वाचलेला दलाल मला आजवर भेटला नाही.

मंजूर ले-आउट असेल तर एक सोपी कसोटी आहे. विकसित केलेली जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी असेल आणि प्लॉट आठाहून जास्त असतील तर महारेराची नोंदणी लागते. पाचशे मीटर म्हणजे ५,३८२ फूट. एक एकर त्याच्या आठपट. म्हणजे आठाहून जास्त प्लॉट पाडलेला एका एकरातला ले-आउटही नोंदणीतून सुटत नाही. नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर कमान कितीही उंच असू द्या, खालून निघून या. करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायलाही कायद्यानं मनाई आहे. 'टोकन' हा शब्द त्या कायद्यात नाही. तो आपल्याच भोळेपणातून आलेला आहे.

भाव कशामुळे चढताहेत हेही पाहायला हवं, कारण तोही आकड्यांचाच खेळ आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाचा खाणपट्टा ३४८ हेक्टरांचा. साडेतीन चौरस किलोमीटर. जिल्ह्याचा चार हजारावा भाग. २०२३ मध्ये तिथून वर्षाला १ कोटी टन खनिज काढायला मंजुरी मिळाली. म्हणजे दिवसाला सत्तावीस हजार टन. २५ टनांचा ट्रक धरला तर रोज अकराशे ट्रक, रात्रंदिवस दर ऐंशी सेकंदांना एक. पुढं ही मर्यादा आणखी वाढली. चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीत पोलाद प्रकल्प उभा राहिला. वडसा ते गडचिरोली ५२ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची चर्चा आणि काम गेलं दशकभर चालू आहे. एवढ्याशा डोंगराच्या तुकड्यानं शंभर किलोमीटरवरच्या चुन्याच्या रेघांना भाव आणला.

पण डोंगरात सापडलेलं लोखंड तुमच्या प्लॉटखाली निघालं तरी तुमचं नाही. महसूल संहितेचं कलम ४८ खनिजांचा हक्क शासनाकडे ठेवतं. चंद्रपूरकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. घुग्घूस, बल्लारपूर, राजुरा, भद्रावतीकडे आजोबांनी कापूस पिकवला त्या काळ्या मातीच्या खाली काळाच कोळसा निघाला, आणि १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याखाली शेतं गेली. जमीन प्रकल्पात जाते तेव्हा मोबदला ठरतो आजूबाजूच्या गेल्या तीन वर्षांतल्या नोंदवलेल्या विक्रीपत्रांवरून. म्हणून मुद्रांक वाचवायला किंमत कमी दाखवणारे सगळे मिळून स्वतःचाच आणि शेजाऱ्याचाही मोबदला कापून ठेवतात. सहा टक्के वाचवले आणि निम्मी जमीन घालवली, असा सौदा.

चंद्रपूर शहराची आखणीच मुळी एका सशानं केली, असं लोक सांगतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याचा एका सशानं उलटा पाठलाग केला. ससा ज्या वाटेनं फिरला तिच्यावर परकोट बांधला गेला. पाचशे वर्षं तो परकोट उभा आहे. आज मोजणी खात्याकडे साधी हद्द कायम करून घ्यायला गेलात तरी महिने जातात, तेव्हा मला त्या सशाची आठवण येते. मोजणी मात्र करून घ्यावीच, आणि जमीन ऑगस्टमध्ये पाहावी. एप्रिलमध्ये सगळेच प्लॉट कोरडे असतात. वैनगंगेला पूर आला की कोणता ले-आउट स्वस्त होता आणि का होता ते बांधावरून दिसतं.

भाच्यानं प्लॉट पाहिला तो गडचिरोलीच्या बाहेर, रस्त्यालगत. १,५०० फूट, कमान, झेंडे, वीज. माझं अर्धं ऐकून, अर्धं सोडून त्यानं २१ हजार टोकन देऊन टाकलं होतं, ते त्यानं मला नंतर सांगितलं. मग आम्ही दोघं कागद काढायला बसलो. सातबारा स्वच्छ. फेरफार तीन, तिन्ही ठीक. वकिलांनी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागवा म्हटलं, तो यायला दीड महिना लागला. पिवळा पडलेला, कडा खाल्लेला कागद. त्या खसऱ्यासमोर, म्हणजे जुन्या गट क्रमांकासमोर, कोणा पटवाऱ्यानं बोरूनं दोन शब्द लिहून ठेवले होते. झुडपी जंगल.

विक्री करणारा म्हणाला, ते जुनं आहे. टोकनाची पावती मागितली तर म्हणाला, टोकनाला पावती नसते. आम्ही परत आलो. येताना मूलच्या बसस्थानकावर चहा घेत भाच्यानं मोबाइल काढला आणि भागाकार केला. एकवीस हजार भागिले दीड हजार.

"चौदा रुपये फूट पडला, मामाजी," तो म्हणाला. "न घेतलेला."